शिक्षकाने समाजमाध्यमांवर स्वतःच्या शिकण्याचे जाळे कसे विणावे

जिल्हा परिषदेच्या शाळेत नव्याने रुजू झालेल्या शिक्षकाचा मोबाइल क्रमांक पहिल्या पंधरवड्यातच पाच-सहा व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये जोडला जातो. शाळेचा, केंद्राचा (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाचा), तालुक्याचा, संघटनेचा आणि प्रशिक्षणाच्या तुकडीचा असे हे ग्रुप असतात. त्यांवर दिवसभर परिपत्रके येतात, ‘आजच माहिती भरावी’ अशा सूचना येतात, वाढदिवसाच्या शुभेच्छा येतात. कार्यालयीन कामासाठी या ग्रुपांची गरज आहेच. परंतु उद्या तिसरीच्या वर्गात हातच्याची वजाबाकी शिकवायची आहे आणि कालचा तास फसला आहे, ही गोष्ट तेथे मोकळेपणाने मांडता येत नाही, आणि मांडली तरी ती परिपत्रकांखाली गाडली जाते.

ज्यांना वर्गातली अडचण निःसंकोच सांगता येते, जे स्वतः करून पाहिलेले उत्तर देतात आणि ज्यांच्या अडचणीला आपणही तितक्याच मनापासून उत्तर देतो, अशा माणसांची जोडणी म्हणजे शिक्षकाचे शिकण्याचे जाळे होय. इंग्रजीतून आलेले ‘पर्सनल लर्निंग नेटवर्क’ हे नाव आता आपल्याकडील प्रशिक्षणांतही कानावर पडते. मराठवाड्यात अशा जाळ्याची निकड अधिक आहे, कारण आपल्या वस्त्यांवरील आणि तांड्यांवरील अनेक शाळा द्विशिक्षकी आहेत. एका शिक्षकाकडे पहिली-दुसरी आणि दुसऱ्याकडे तिसरी-चौथी असेल, तर त्याच इयत्तेला शिकवणारा सहकारी शाळेत मिळतच नाही. केंद्राची शिक्षण परिषद होते, परंतु तिच्यात प्रत्येकाच्या वर्गापर्यंत पोहोचण्याइतका वेळ नसतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत अशी अपेक्षा आहे. ते तास केवळ प्रशिक्षणाच्या सभागृहात न जाता आपल्याच वर्गातील प्रश्नांवर खर्च व्हावेत, असे मला मनापासून वाटते.

पहिली पायरी: माध्यम नव्हे, प्रश्न

नवे शिक्षक बहुधा ‘कोणत्या ग्रुपला जॉइन होऊ?’ असे विचारतात. त्याआधी एक साधी वही घ्यावी आणि आठवडाभर शाळा सुटल्यावर त्या दिवशी नेमके कोठे अडले ते एका ओळीत लिहावे. ‘गणितात मुले कच्ची आहेत’ अशी नोंद उपयोगाची नाही. ‘पहिलीतील चार मुले घरी गोरमाटी (बंजारा बोली) बोलतात, त्यांना पाठ्यपुस्तकातील चित्रांची नावे मराठीत येत नाहीत’ ही नोंद उपयोगाची आहे. आपल्या भागात देगलूर-बिलोलीकडे तेलुगू, उमरगा-निलंग्याकडे कन्नड, तांड्यांवर बंजारा बोली आणि शहरांतील अनेक मोहल्ल्यांत दखनी उर्दू बोलणारी मुले मराठी माध्यमाच्या वर्गात बसतात. त्यामुळे एका तालुक्यातील अडचणीचे उत्तर दुसऱ्या टोकाच्या तालुक्यात सापडण्याची शक्यता मोठी असते.

आठवड्याअखेरीस वहीतील तीन प्रश्न निवडावेत. जाळे विणण्याची सुरुवात या तीन प्रश्नांपासून होते.

दुसरी पायरी: जागेची निवड

सर्व माध्यमांवर एकाच वेळी खाते उघडण्याचा मोह टाळावा. रोजच्या संवादासाठी एक आणि संदर्भ शोधण्यासाठी एक, अशी दोन माध्यमे सुरुवातीला पुरेशी होतात.

व्हॉट्सॲप सर्वांच्या हाती आहे आणि कमी रेंजमध्येही चालते, ही त्याची मोठी सोय. ग्रुपची मर्यादा १,०२४ सदस्यांपर्यंत गेली असली, तरी वर्गातील कामाविषयी बोलण्यासाठी पंचवीस-तीस जणांचा ग्रुप योग्य, कारण त्याहून मोठ्या ग्रुपमध्ये चुकलेला तास सांगायला माणूस कचरतो. टेलिग्रामवर दोन लाखांपर्यंत सदस्यांचा ग्रुप होऊ शकतो, २ जीबीपर्यंतची फाइल पाठवता येते आणि नव्या सदस्याला जुनी चर्चा शोधून वाचता येते. साहित्य साठवण्यासाठी आणि शोधण्यासाठी म्हणूनच ते अधिक बरे. फेसबुकवरील विषयवार शिक्षक समूहांमध्ये सविस्तर लेखन आणि छायाचित्रांसह अनुभव वाचायला मिळतात. यूट्यूबवर अध्यापनाचे व्हिडिओ विपुल आहेत. त्यांतून निवड करताना मी एकच कसोटी लावतो: व्हिडिओत मुलांचा आवाज ऐकू येतो का? केवळ शिक्षकच बोलत असेल, तर ती पद्धत मुलांवर कशी लागू पडली हे आपल्याला कळत नाही.

एक्स, म्हणजे पूर्वीचे ट्विटर, आपल्याकडील प्राथमिक शिक्षकांमध्ये कमी वापरले जाते, पण तेथील एक प्रथा उचलण्यासारखी आहे. अमेरिकेतील शिक्षकांनी २००९ मध्ये ‘एडचॅट’ या हॅशटॅगखाली ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, एकाच विषयावर चर्चा करण्यास सुरुवात केली. ज्याला भाग घ्यायचा आहे तो त्या वेळी हजर राहतो, आणि ज्याला जमत नाही तो नंतर हॅशटॅगवरून संपूर्ण चर्चा वाचतो. आपल्या छोट्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये गुरुवारी रात्री साडेआठ ते नऊ असा अर्धा तास ठरवून, दोन दिवस आधी एक प्रश्न जाहीर केला, तर हीच शिस्त येथेही पाळता येते.

यांपैकी कोठेही प्रश्न टाकण्यापूर्वी पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड स्कॅन करून शासनाच्या दीक्षा ॲपवर त्या घटकाचे काय साहित्य आहे, ते एकदा पाहावे. जे पुस्तकाच्या पानावरच मिळते, ते विचारण्यात इतरांचा वेळ घालवू नये.

तिसरी पायरी: ओळख आणि खबरदारी

आपली ओळख दोन ओळींत लिहावी: नाव, इयत्ता, माध्यम, तालुका आणि सध्या कोणत्या प्रश्नावर काम सुरू आहे. ‘उपक्रमशील’, ‘तंत्रस्नेही’ अशी विशेषणे स्वतःला लावण्याची गरज नसते. ‘जालना जिल्हा, इयत्ता तिसरी, सध्या वजाबाकीतील चुकांवर काम करीत आहे’ एवढे वाचून समान प्रश्न असलेला शिक्षक आपल्याशी स्वतःहून बोलू लागतो.

व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये आपला क्रमांक सर्व सदस्यांना दिसतो, ही बाब विशेषतः शिक्षिका भगिनींनी ध्यानात ठेवावी. ‘प्रायव्हसी’ या भागात जाऊन आपल्याला ग्रुपमध्ये कोण जोडू शकेल आणि आपला फोटो कोणाला दिसेल, हे दोन पर्याय ‘माय कॉन्टॅक्ट्स’वर ठेवावेत. टेलिग्रामवर क्रमांक लपवून केवळ नावाने वावरता येते. अनोळखी मोठ्या ग्रुपमध्ये जायचे असेल, तर तो मार्ग अधिक सुरक्षित आहे.

पहिले दोन आठवडे केवळ वाचावे. वाचताना कोण स्वतःच्या वर्गाविषयी बोलतो आणि कोण केवळ आलेले पुढे ढकलतो, याची नोंद ठेवावी. पाचशे जणांच्या ग्रुपमध्ये अशी दहा-बारा माणसे मिळाली तरी ती मोठी कमाई आहे. त्यांच्यापैकी एखाद्याची कल्पना पटली, तर अंगठ्याचे चिन्ह टाकून थांबू नये. ‘सर, आपण सांगितलेला शब्दचक्रीचा खेळ दुसरीत घेतला, जोडाक्षरांच्या शब्दांपाशी मुले अडली’ असे त्यांना लिहून कळवावे. ओळखीची सुरुवात अशा वाक्यातून होते.

चौथी पायरी: प्रश्न मांडण्याची रीत

संपूर्ण मार्गदर्शनाचा गाभा या पायरीत आहे, म्हणून ती एका अनुभवातून सविस्तर सांगतो.

माझ्या तिसरीच्या वर्गात १९ मुले होती. एका ग्रुपवर मी लिहिले, ‘तिसरीला वजाबाकी जड जाते, काही साहित्य असल्यास पाठवावे.’ रात्रीपर्यंत सतरा पीडीएफ आल्या. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला होता, पण त्यांतली एकही माझ्या वर्गापर्यंत पोहोचली नाही, कारण मुळात माझ्या प्रश्नातच माझा वर्ग नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी मुलांच्या वह्या घेऊन बसलो. ५२ वजा २७ या उदाहरणाचे उत्तर ११ मुलांनी ३५ असे लिहिले होते. जवळ बसवून विचारल्यावर एक मुलगी म्हणाली, “दोनातून सात जात नाहीत, म्हून मी सातातून दोन घालवले.” अकरा मुलांची ही एकच चूक होती, आणि तिच्यामागे मुलांचा स्वतःचा विचार होता. मग मी वहीच्या पानाचा फोटो काढला, वरचे नाव कागदाने झाकले आणि लिहिले:

‘इयत्ता तिसरी, १९ मुले. ५२ वजा २७ चे उत्तर ११ मुलांनी ३५ लिहिले आहे. मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतात. काड्यांचे गठ्ठे मी वर्गासमोर सोडून दाखवले आहेत, तेव्हा मुले बरोबर सांगतात, परंतु वहीत पुन्हा तीच चूक होते. वस्तूवरून लेखनाकडे नेताना आपण नेमके काय करता?’

या वेळी पीडीएफ एकही आली नाही. किनवट तालुक्यातील एका शिक्षिकेचा चाळीसेक सेकंदांचा आवाजी संदेश आला. त्या म्हणाल्या, “सर, गठ्ठा तुम्ही सोडताय. तो लेकरालाच सोडू द्या, आणि सुटलेलं रबर त्याच्या मनगटात घालायला सांगा. लिहिताना विचारा, मनगटात रबर आहे ना, मग दशकाच्या घरात पाच कसे राहिले?”

दोन संदेशांतील फरक नीट पाहावा. दुसऱ्या संदेशात इयत्ता आणि पट होता, नेमकी चूक होती, मुले ती कशी करतात ते होते, आपण आधी काय करून पाहिले ते होते, आणि शेवटी एकच प्रश्न होता. एवढे पाच-सहा ओळींत बसते. ज्यांना टंकलेखन जड जाते त्यांनी एका मिनिटाच्या आत बोलून पाठवावे. भाषा आपल्या भागातली असेल तर अजिबात संकोच करू नये, कारण समोर बसलेले शिक्षकही तीच भाषा बोलतात.

पाचवी पायरी: करून पाहून परत येणे

मी तुराट्यांचे बोटभर लांबीचे तुकडे केले आणि दहा-दहा काड्यांना रबर लावले. पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या एका मुलासमोर ठेवून सत्तावीस काड्या मागितल्या. तो थांबला, म्हणाला, “सर, सुट्या दोनच हायेत, सात कुठून देऊ?” मग त्याने स्वतःच एक गठ्ठा सोडला आणि रबर मनगटात चढवले. आता बारा सुट्या काड्या झाल्या. त्यांतून सात दिल्या, पाच उरल्या. उरलेल्या चार गठ्ठ्यांतून दोन दिले, दोन राहिले. पाटीवर लिहायला घेतल्यावर त्याचा खडू दशकाच्या पाचावर आला, नजर मनगटाकडे गेली, आणि न सांगता त्याने पाच खोडून वर चार लिहिले.

चौथ्या दिवशी ११ पैकी ७ मुले बरोबर लिहू लागली. उरलेल्या चौघांपैकी दोघांची अडचण निराळीच निघाली. त्यांना १२ वजा ७ हेच तोंडी येत नव्हते. शिवाय ६० वजा २४ हे उदाहरण दिल्यावर काही मुलांनी ४४ लिहिले, म्हणजे शून्यापाशी जुनी चूक परत आली. हे सगळे, जमलेले आणि न जमलेले, मी त्याच संदेशाला उत्तर म्हणून ग्रुपवर लिहिले. त्यावर उमरगा तालुक्यातील एका सरांनी शून्य असलेली उदाहरणे आधी काड्यांशिवाय, केवळ दहाच्या नोटा मोडून कशी घेतात, ते कळवले.

बहुतेक ग्रुपमध्ये नेमकी हीच पायरी गळते. उपाय विचारले जातात, दिले जातात, धन्यवाद म्हटले जाते आणि पुढे काय झाले ते कोणालाच कळत नाही. त्यामुळे तोच प्रश्न पुढल्या वर्षी पुन्हा येतो आणि उत्तर देणारी माणसे हळूहळू गप्प होतात. ज्याने उत्तर दिले त्याच्याकडे निष्पत्ती पोहोचवणे, हे मी जाळ्यातील प्रत्येकाचे कर्तव्य मानतो. उपाय फसला असेल तर ते अधिक अगत्याने कळवावे. ‘आपण सांगितल्याप्रमाणे केले, सात मुलांना जमले, चौघांना नाही, शून्याच्या उदाहरणात अमुक चूक झाली’ एवढे लिहिले की पुढच्या शिक्षकाचा एक आठवडा वाचतो.

देण्याच्या बाबतीतही हेच लागू आहे. आपल्याकडे मोठा उपक्रम असला पाहिजे असे नाही. मराठवाड्याच्या सीमेलगतच्या सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, तेव्हा दहा लाख डॉलरच्या रकमेतील निम्मा वाटा त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना देण्याचे जाहीर केले. आपल्यासारख्या शिक्षकाच्या हाती वाटण्यासाठी वर्गातली नोंद असते, आणि तिची गरज असलेला कोणीतरी दुसऱ्या तालुक्यात असतोच. मात्र दुसऱ्याने तयार केलेली कृतिपत्रिका पाठवताना तिच्यावरील नाव पुसू नये. माझ्या ओळखीच्या एका शिक्षिकेने रात्री जागून केलेली स्वाध्यायपत्रिका महिन्याभराने दुसऱ्याच्या नावाने त्यांच्याकडे परत आली, आणि त्यांनी काहीही पाठवणे बंद केले. त्या एका कृतीने कितीतरी वर्गांचे नुकसान झाले.

मुलांची ओळख झाकूनच बोलावे

वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो आणि बालकाच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अपेक्षा करतो. त्याहीपलीकडे, वाचता न येणाऱ्या मुलाचा व्हिडिओ गावभर फिरणे हा त्याच्यावर अन्याय आहे. म्हणून वहीचा फोटो टाकावा, चेहऱ्याचा टाकू नये. नाव, आजार, जात, घरची परिस्थिती लिहू नये. हाताची कृती दाखवायची असेल तर केवळ हात दिसतील असे चित्रण करावे.

बीड, धाराशिव, जालना या जिल्ह्यांत दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी कुटुंबे बाहेर पडतात आणि हंगाम संपल्यावर परततात, तेव्हा या जाळ्याचा फार मोठा उपयोग होतो. मुलाला शिक्षण हमी कार्ड (स्थलांतरानंतर दुसऱ्या शाळेत शिक्षण सुरू राहावे म्हणून दिले जाणारे कार्ड) देणे आणि हंगामी वसतिगृहाची सोय पाहणे ही अधिकृत प्रक्रिया आधी पूर्ण करावीच. त्यासोबत कारखान्याच्या परिसरातील शाळेत ओळखीचे शिक्षक असतील, तर त्यांना थेट फोन करून ‘हे मूल आपल्याकडे येत आहे, वाचन अनुच्छेदापर्यंत आले आहे, भागाकार बाकी आहे’ असे सांगावे. मुलाचे नाव आणि पालकांचा क्रमांक मोठ्या ग्रुपवर कधीही टाकू नये. ती माहिती दोन शिक्षकांमध्येच राहावी.

स्वतःच्या लेखनाबाबतही भान हवे. जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांना १९६७ चे वर्तणूक नियम लागू आहेत, आणि जुलै २०२५ मध्ये राज्य शासनाने कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापराविषयी स्वतंत्र सूचना काढल्या आहेत. त्या एकदा पूर्ण वाचाव्यात. शिकण्याच्या ग्रुपवर बदल्या, राजकारण आणि धोरणांवरील वाद येऊ न देणे हे ग्रुप टिकण्यासाठीही आवश्यक आहे.

आलेल्या मजकुराची पारख आणि साठवण

शासन निर्णय म्हणून फिरणारी पीडीएफ पुढे पाठवण्यापूर्वी तिच्या शेवटी दिलेला संगणक सांकेतांक पाहावा आणि तो महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर शोधून खात्री करावी. सांकेतांक सापडला नाही, तर ती पुढे पाठवू नये. अध्यापनाच्या युक्तीबाबत ‘हे कोणत्या इयत्तेत, किती मुलांसोबत करून पाहिले?’ असे नम्रपणे विचारावे. ज्याने केले आहे तो आनंदाने सांगतो.

साठवणीसाठी व्हॉट्सॲपवरील स्टार किंवा टेलिग्रामवरील ‘सेव्ह्ड मेसेजेस’ तात्पुरते पुरतात, पण मोबाइल बदलला की व्हॉट्सॲपवरील बरेच काही हरवू शकते. रविवारी अर्धा तास काढून आठवड्यातील दोन-तीन उपयोगी गोष्टी इयत्ता आणि घटकानुसार गुगल ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये ठेवाव्यात, आणि पहिल्या पायरीतील वहीत त्या प्रश्नासमोर ‘कोणी सांगितले, काय झाले’ एवढे लिहावे. फोटो-व्हिडिओ आपोआप डाउनलोड होण्याची सोय बंद ठेवावी, म्हणजे डेटाही वाचतो आणि साठाही भरत नाही. रोज वीस मिनिटे, तीही शाळेच्या वेळेबाहेर, एवढा वेळ या कामाला पुरतो. बाकीचे ग्रुप म्यूट करून ठेवण्यात कोणाचाही अनादर नाही.

पाच-सहा महिन्यांनी जाळ्यातील एखाद्या शिक्षकाची शाळा प्रत्यक्ष पाहून यावी. मुख्याध्यापकांची आणि केंद्रप्रमुखांची परवानगी घेऊन, सुटीचे दिवस जुळत नसतील तर एक रजा टाकूनही जावे. काड्यांचे गठ्ठे कोणत्या डब्यात ठेवले आहेत, मुले ते स्वतः काढून घेतात की सरांनी देण्याची वाट पाहतात, फळा मुलांच्या उंचीवर आहे का, हे कोणत्याही व्हिडिओत नीट दिसत नाही.

मे महिन्याच्या सुटीत वही उघडून बसावे. ज्या ग्रुपमधून वर्षभरात एकही नोंद वहीत आली नाही, तो सोडावा. ज्यांनी उत्तरे दिली त्यांना पुढील वर्षी आपल्याकडे कोणती इयत्ता आहे ते कळवावे आणि त्यांची इयत्ता विचारून घ्यावी, कारण जूनमध्ये अनेकांचे वर्ग आणि काहींच्या शाळाही बदललेल्या असतात. मग वहीच्या नव्या पानावर नव्या इयत्तेचे तीन प्रश्न लिहावेत.